तेराशे रुपयांचा डबा

अमेरिकेतल्या आमच्या दादाने परवा मेलमध्ये विचारलं, "तुमच्या वांद्र्यातून अख्ख्या देशाला व्हीआर दाखवायला निघालेल्या जिओचं पुढे काय झालं गं?" दादाला खोचक विचारायची सवयच आहे. (जिओचा मोठा कारभार खरं तर नवी मुंबईत, घणसोलीला. पण बीकेसीत जिओ वर्ल्ड सेंटर उभं राहिलं, त्यामुळे दादाच्या लेखी सगळं वांद्रेच!) उत्तर लिहायला बसले तर ते मेलमध्ये मावेना, म्हणून इथे लिहिते.

आधी काकूंसाठी दोन ओळी, कारण त्या हे नक्की वाचतात आणि मग फोन करून विचारतात. व्हीआर म्हणजे डोळ्यांवर बांधायचा एक डबा. आत दोन भिंगं, त्यांच्यामागे पडदा. प्रत्येक डोळ्याला थोडं वेगळं चित्र दिसतं आणि मेंदू त्यातून खोली तयार करतो. डोकं वळवलं की चित्रही वळतं. म्हणजे जत्रेतल्या बायोस्कोपवाल्याचीच युक्ती, फक्त इथे खिडकीतून आत डोकावण्याऐवजी आपणच आत जाऊन उभे राहतो.

आता दादाचा प्रश्न. एप्रिल २०२३ मध्ये, ऐन आयपीएल रंगात असताना, जिओने 'जिओडाइव्ह' नावाचा हेडसेट आणला. किंमत १,२९९ रुपये. आपलाच फोन त्यात बसवायचा आणि घरच्या सोफ्यावर शंभर इंची पडद्यावर मॅच बघायची, शिवाय सगळीकडे मान फिरवून मैदान बघायचं. त्याच महिन्याच्या १८ तारखेला बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड ड्राइव्ह मॉलमध्ये अॅपलचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं होतं, टिम कुक स्वतः दार उघडायला आले होते. आणि पुढच्या जूनमध्ये त्याच अॅपलने व्हिजन प्रो जाहीर केला. किंमत ३,४९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने पावणेतीन-तीन लाख रुपये. तेराशेच्या डब्याच्या दोनशेहून जास्त पट! फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अमेरिकेत विकायला आला, मग जून-जुलैत चीन, जपान, ब्रिटन वगैरे देशांत गेला. त्या यादीत भारत नव्हता.

मला गंमत वाटली ती या दोन टोकांची. दोन्ही कंपन्या एकाच मॉलच्या छताखाली, आणि दोघींचा 'भविष्य' या शब्दाचा अर्थ अगदी निराळा.

तेराशे रुपयांत काय मिळतं याचा हिशोब मी भाच्याला बसवून करून घेतला. साधारण चांगल्या फोनचा पडदा २४०० बाय १०८० ठिपक्यांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे २६ लाख ठिपके. ते दोन डोळ्यांत वाटले की प्रत्येकाला तेरा लाख. त्यातले कडेचे भिंगाबाहेर जातात. राहिलेल्यात मैदान, आकाश, प्रेक्षक, आणि मधोमध तो 'शंभर इंची' पडदा. म्हणजे पडदा शंभर इंची, पण त्यावरचा चेंडू शोधत बसायचा. व्हिजन प्रोमध्ये हेच ठिपके दोन्ही डोळ्यांचे मिळून २ कोटी ३० लाख आहेत. फोनच्या डब्यात दुसरी अडचण अशी की फोनला फक्त मान वळलेली कळते. आपण पुढे वाकलो, बाजूला सरकलो तर त्याला पत्ताच नसतो. डोळे सांगतात जग जागचं हललं नाही, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हललो. या भांडणातून मळमळ सुरू होते. त्यात मान वळवल्यावर चित्र पोचायला वीसेक मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला तर आणखीच गरगरतं. आणि फोन तापतो, बॅटरी उतरते, मधेच कुणाचा तरी फोन येतो, ते वेगळंच.

हे सगळं जगाला आधीच कळून चुकलं होतं. २०१४ साली गूगलने पुठ्ठ्याचा डबा आणला, कार्डबोर्ड. दीड कोटींहून जास्त डबे लोकांच्या हातात गेले. २०१५ मध्ये सॅमसंगचा गिअर व्हीआर आला, मग गूगलचाच डेड्रीम. लोकांनी एकदा लावून बघितले, "अय्या!" म्हटलं आणि कपाटात टाकले. कारण अगदी घरगुती आहे. फोनचं कव्हर काढा, डब्यात बसवा, पट्टे आवळा, आणि तेवढ्या वेळात आपला फोन आपल्याला वापरता येत नाही! २०१९ पर्यंत डेड्रीम आणि गिअर व्हीआर दोन्हींचा गाशा गुंडाळला गेला, मार्च २०२१ मध्ये गूगलने कार्डबोर्ड विकणंही थांबवलं. मग २०२३ मध्ये तोच मार्ग घेऊन नवा भिडू मैदानात का उतरला?

माझ्या मते उत्तर हेडसेटमध्ये नाहीच. जिओडाइव्ह वापरायला जिओचं सिम हवं होतं. आयपीएलचे डिजिटल हक्क २०२३ ते २०२७ साठी वायकॉम१८ ने २३,७५८ कोटी रुपयांना घेतले होते, आणि मॅच जिओसिनेमावर फुकट दाखवल्या जात होत्या. हे सगळं एकत्र ठेवून बघा. डबा हा त्या मोठ्या सामन्याचा एक फलक होता. त्याने नवी ग्राहकसंख्या आणली की नाही, हा त्यांचा प्रश्न. व्हीआरच्या धंद्याला त्यातून यंत्र म्हणून काही नवीन मिळालं नाही. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा हॉटस्टारमध्ये मिसळून जिओहॉटस्टार झालं, आणि ऑगस्ट २०२५ च्या सर्वसाधारण सभेत कंपनीने घोषणा केली ती 'जिओ फ्रेम्स' नावाच्या एआय चष्म्याची. तर दादा, हे असं झालं.

पण एवढ्यावर हसून सोडून द्यावं असं मला वाटत नाही. कारण याच घराण्याने २०१६ मध्ये काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा महिन्याचा एक जीबी जपून जपून वापरणारे आपण, सप्टेंबरनंतर दिवसाचा एक जीबी उडवू लागलो. आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत एअरसेल बुडाली, रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटा डोकोमो एअरटेलमध्ये गेल्या, व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या. स्वस्ताई आली आणि दुकानं कमी झाली, दोन्ही एकदमच. उद्या कुणी खरा, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा हेडसेट (आत चिप, बाहेर कॅमेरे, फोनची गरज नाही असा) दहा हजारांत दिला, तर तेच पुन्हा होऊ शकतं. आणि तसं करायला लागणारा तोटा सोसण्याची ताकद फार थोड्यांत आहे. मेटाच्या या विभागाला एकट्या २०२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलरचा तोटा झाला, तेव्हा कुठे त्यांचा क्वेस्ट ३एस अमेरिकेत ३०० डॉलरला मिळू लागला.

मला काळजी वाटते ती छोट्यांची. ठाण्यात अजनालेन्स नावाची कंपनी आहे, २०१४ पासून. स्वतःचे हेडसेट बनवते आणि वेल्डिंग, रंगकाम असली कामं शिकवायला वापरते. मुलगा वेल्डिंग शिकताना खरी सळई आणि खरा गॅस न जाळता शंभर वेळा चुकू शकतो, हा केवढा फायदा आहे! पण अशा कंपनीचा माणूस एखाद्या शाळेत किंवा आयटीआयमध्ये गेला आणि समोरच्याने म्हटलं, "अहो, हेडसेट तर तेराशेला मिळतो", तर तो काय बोलणार? स्वस्त डब्याने बाजार वाढतो असं म्हणतात. वाढतोही. पण त्याने लोकांच्या मनात किंमतही बसते, आणि अपेक्षाही बसते. आणि दुसरी गोष्ट, टेसरॅक्ट. क्षितिज मारवाह यांनी काढलेली ही मुंबईची कंपनी २०१९ मध्ये रिलायन्सने घेतली. तिच्याच कामातून जुलै २०२० मध्ये जिओ ग्लास दाखवला गेला, अवघा ७५ ग्रॅमचा, वायरने फोनला जोडायचा. त्यावर वर्ग भरतील, असं तेव्हा सांगितलं होतं. शाळा बंद होत्या, मुलं फोनमध्ये डोकं घालून बसलेली, त्यामुळे मी ते अगदी कान देऊन ऐकलं होतं. ते वर्ग काही आमच्यापर्यंत पोचले नाहीत. मला आजही वाटतं की त्या ७५ ग्रॅमच्या मागे लागायला हवं होतं. तेराशेच्या डब्यापेक्षा ती महत्त्वाकांक्षा कितीतरी मोठी होती.

आता थोडं घरचं, कारण या विषयात मी एवढी का शिरले ते त्याशिवाय कळणार नाही.

आई ७९ वर्षांची आहे. आमची इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे ती वर्षातून दोन-तीनदा खाली उतरते, तेही डॉक्टरकडे. दोनेक वर्षांपूर्वी भाच्याच्या मित्राने स्टेशनबाहेरून कसलातरी बिननावाचा फोनचा डबा आणला होता, तो हौसेने आजीच्या डोळ्यांना लावला. दोन मिनिटांत तिला घाम फुटला, पुढचा अर्धा तास डोळे मिटून पडून होती. त्यानंतर "ते भूत माझ्या तोंडाजवळ आणायचं नाही" असा हुकूम निघाला. वर्षभराने भाच्याने परदेशातून आलेल्या मैत्रिणीकडून क्वेस्ट मागून आणला, तेव्हा तिला तयार करायला मला आठ दिवस लागले. (मधे एकदा साबुदाण्याची खिचडीही करावी लागली.) यावेळी मात्र ती पंचवीस मिनिटं खुर्चीत बसून होती. समुद्रकिनारा होता कुठला तरी, परदेशातला. तिने खाली वाकून वाळूला हात लावायला बघितला. मग विचारलं, "यात आपल्याकडचं काही नाही का रे?"

भाचा शोधत बसला. पंढरपूर, रायगड असं तुकड्यातुकड्यांत काही सापडलं, बरंचसं थरथरणारं आणि धूसर. आमच्या गावाचं अर्थातच काही नव्हतं.

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की त्या पहिल्या डब्याने नुकसान काय केलं होतं. खिशातून फार गेलं नव्हतं, पण एका म्हाताऱ्या बाईच्या मनातून ती गोष्ट जवळजवळ कायमची गेली होती. अशी किती घरं असतील? कार्डबोर्डच्या त्या दीड कोटींतल्या कितीजणांनी "व्हीआर म्हणजे चक्कर" एवढंच लक्षात ठेवलं असेल? आणि दुसरं, यंत्र चांगलं असूनही आत आपलं काही नसेल तर ते पाहुण्यांच्या घरासारखं. अंधेरी-गोरेगावला एवढे स्टुडिओ आहेत, हॉलिवूडच्या सिनेमांची कामं करणारी मुलं आहेत. महत्त्वाकांक्षी नवख्याने २३ हजार कोटींतला एक बारीकसा तुकडा त्यांच्याकडून आपल्याकडच्या जागा नीट टिपून घेण्यावर खर्च केला असता तर? क्रिकेट तर टीव्हीवरही छान दिसतं हो.

मे २०२५ मध्ये मेटाचे रे-बॅन चष्मे भारतात आले, २९,९०० पासून. सगळ्यांचीच पावलं आता डब्याकडून चष्म्याकडे वळताना दिसतायत. चष्मा हलका, रस्त्यावर घालता येतो, फोटो काढतो, कानात बोलतो. जे हिंडू-फिरू शकतात त्यांच्यासाठी उत्तमच. पण आईला रस्त्यावर घालायचा चष्मा काय कामाचा? तिला रस्ता घरात हवाय.

असो. तर दादा, आता माझं काम. ३६० अंशांत चित्रण करणारा कॅमेरा इथे भाड्याने मिळतो असं भाचा म्हणतो. मे महिन्यात आम्ही दोघं गावी जाणार आहोत. अंगण, विहीर, पडवी आणि देवळाकडे जाणारी पाखाडी, एवढं टिपायचं. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, तिवईवर, अजिबात न हलवता ठेवायचा, म्हणजे तिला गरगरणार नाही. विहिरीपाशी मात्र बसलेल्या माणसाच्या उंचीवर, कारण ती तिथे बसायची. तू येताना तुझ्याकडचा जुना क्वेस्ट घेऊन ये, आणि त्याचा चार्जर विसरू नकोस. मागच्या वेळी कॅमेऱ्याचा विसरला होतास :)