बाण काढला म्हणजे राशी सदिश होत नाही

‘केवळ परिमाण असते ती अदिश, परिमाण आणि दिशा दोन्ही असतात ती सदिश.’ भूममधल्या कुठल्याही अकरावीच्या पोराला झोपेतून उठवा, हे घडाघडा म्हणेल. मग विचारा, विद्युतधारा कोणती? आकृतीत तिलाही बाण असतो. पोरगं म्हणणार सदिश, आणि साफ चुकणार. माझा राग त्याच्यावर नाही. अर्धी व्याख्या गळी उतरवून ‘फरक स्पष्ट करा’चे दोन रकाने भरून घेणाऱ्यांवर आहे.

दिशा असणं पुरेसं नाही. बेरीज कशी होते, ते बघावं लागतं. बॅटरीच्या परिपथात दोन तारांतून 3 आणि 4 अँपिअर धारा एका जोडावर आल्या, की पुढे 7 अँपिअरच जाणार. तारा काटकोनात जोडा, नाहीतर शेजारीशेजारी. म्हणून धारा अदिश. आता एका लोखंडी कडीला काटकोनात दोन दोऱ्या बांधा, एक 3 न्यूटननं ओढा, दुसरी 4 न्यूटननं. कडी जागेवर धरायला तिसऱ्या ताणकाट्याला 7 नाही, 5 न्यूटन लागतात. हा सदिशांचा समांतरभुज चौकोनाचा नियम. तीन ताणकाटे आणि एक कडी, एवढंच साहित्य. एवढंही वर्गात येत नसेल तर ‘प्रयोगशाळा नाही’ ही सबब मी ऐकून घेणार नाही.

आणि भूमच्या माळावर तर पवनचक्क्या उभ्या आहेत! पात्यांमागच्या पेटीच्या माथ्यावर बघा. पुष्कळ ठिकाणी तिथे दोन छोटी यंत्रं दिसतील. एकाला गरगर फिरणाऱ्या वाट्या. वारा कुठूनही येवो, त्या फक्त चाल सांगतात, म्हणजे अदिश राशी. शेजारचं वातकुक्कुट दिशा दाखवतं. दोन्ही मिळून वाऱ्याचा वेग कळतो, तो सदिश. त्या माहितीवर आतली मोटर अख्खी पेटी वाऱ्याच्या तोंडाला वळवते. पावसाळ्यात पश्चिमेकडे, हिवाळ्यात वारा फिरला की पूर्वेकडे. समजा काही तास पश्चिमेकडून ताशी 20 किलोमीटर वारा वाहिला, नंतर तितकेच तास पूर्वेकडून तितकाच. सरासरी वेग शून्य, सरासरी चाल 20. वीज दोन्ही वेळा तयार झाली. हे गणित ज्यानं माळावर उभं राहून सोडवलं, त्याला रकाने पाठ करावे लागत नाहीत.

‘हे परीक्षेला येत नाही,’ असं एका शिकवणीत मला तोंडावर सांगितलं गेलं. भौतिकशास्त्राची फी घेऊन असं बोलणं ही फसवणूक आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही. आईबाप खव्याच्या भट्टीपुढे घाम गाळून ती फी भरतात. पुढे याच पोराला उतारावरचं बल, प्रक्षेप्य, चुंबकीय क्षेत्र शिकायचंय, आणि तिथे प्रत्येक ओळीत सदिशांची बेरीज आहे. पाया कच्चा ठेवून त्याला इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसवता, आणि नापास झाला की ‘पोराचं डोकं चालत नाही’ म्हणता? पुढचा तास माळावर घ्या. फळा लागणार नाही.