नाण्याची दुसरी बाजू : चुकलेल्या नाण्याचं मोल

“वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं जपून ठेवलंय का? लाखो रुपये मिळतील!” असा संदेश नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचला असेल. पाच आणि दहा रुपयांची ही नाणी २०१२ साली वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघाली. ती ना सदोष आहेत, ना लाखमोलाची. मग संग्राहक ज्याच्यासाठी खरंच जास्त पैसे मोजतात, ते टांकसाळीत चुकलेलं नाणं ओळखायचं कसं?

आधी नाणं कसं घडतं ते पाहू. कोरी चकती एका कड्यात बसते आणि वरच्या व खालच्या ठशांमध्ये दाबली जाते. एका दाबात दोन्ही बाजू उमटतात. त्या क्षणी जे चुकतं तीच टांकसाळीची चूक. नंतर हातोडा, आम्ल किंवा रस्त्यावरच्या चाकाने जे होतं ते फक्त नुकसान, त्याला मोल नाही.

घरी तीन गोष्टी तपासता येतात. पहिली, फिरलेला ठसा. भारतीय नाण्यावरचे सिंह सरळ धरा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं उलटा. मागची बाजूही सरळ दिसायला हवी. ती थोडी तिरकी असेल तर विशेष काही नाही, पण पूर्ण उलटी असेल तर संग्राहक थांबून पाहतो.

दुसरी, सरकलेला ठसा. चकती नीट न बसल्याने एका बाजूला कोरी चंद्रकोर राहते. सरकूनही साल दिसत असेल तर भाव चढतो.

तिसरी सर्वांत गमतीची. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचा उलटा, खोलगट छाप पडतो, आरशात पाहिल्यासारखा. आपल्याकडचे संग्राहक याला ‘लाखी’ म्हणतात. दोन नाणी शेगड्यात दाबून नकली लाखीही बनवतात. तिची दुसरी बाजू चेपलेली दिसते. खऱ्या लाखीची दुसरी बाजू स्वच्छ असते.

जे वेगळं दिसतं ते सगळंच चुकलेलं नसतं. सालाखाली मुंबईचा चौकट आकार, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसतं. दहाच्या नाण्यावर ₹ चिन्ह नसेल तर ते २०११ च्या आधीच्या नमुन्याचं असू शकतं. इथल्या दिरहमचंही तसंच. १९९५ साली एक दिरहमचं नाणं लहान झालं आणि गोल पन्नास फिल्स सात बाजूंचं झालं. जुन्या कुटुंबांच्या खणात दोन्ही प्रकार सापडतील. तो बदल आहे, चूक नाही.

आता किंमत. चूक किती ठळक, किती विरळ आणि नाणं किती कोरं, यावर ती ठरते. संकेतस्थळावर कोणी मागितलेला आकडा म्हणजे किंमत नव्हे. लिलावात कोणी खरोखर दिलेला आकडा म्हणजे किंमत. आणि विकत घेणारा आधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘कर’ भरायला सांगत असेल तर तो ग्राहक नाही, भामटा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, की आपण अशा व्यवहारांत नाही आणि कुणालाही आपल्या नावाने शुल्क किंवा कमिशन घेण्याचा अधिकार दिलेला नाही. गावी एकट्या राहणाऱ्या आई-बाबांना, काका-मावशीला हे एवढं फोनवर जरूर सांगा. रिझर्व्ह बँकेचं नाव ऐकलं की त्या पिढीचा लगेच विश्वास बसतो.

लक्ष्मीपूजनाआधी नाणी चिंचेने किंवा पितांबरीने घासायची आपली सवय. पूजेची खुशाल घासा, पण संग्रहातलं नाणं मात्र घासू नका. चकाकी येते आणि भाव जातो. त्याऐवजी मुलांच्या हाती भिंग द्या आणि सालाखालची टांकसाळ ओळखायला लावा. लाखी सापडेल न सापडेल, नाणं वाचता तरी येईल.