स्लॅब घालण्याआधी विहिरीत डोकवा



'सुरगाण्यासारख्या भागात कुडाची घरं पाडून सरसकट स्लॅबची बांधावीत,' असं एका वाचकाने गेल्या अंकात सुचवलं आहे. पक्कं घर हवंच. पण 'सरसकट' या शब्दाशी मी सहमत नाही.

इथे पाऊस धो धो पडतो आणि वैशाखात विहिरी तळ गाठतात. नेमकी तेव्हाच बांधकामाची घाई असते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस, तर पीपीसीला (पोझोलानामिश्रित सिमेंटला) किमान दहा, शक्यतो चौदा दिवस सतत ओल लागते. हंडाभर पाण्यासाठी पायपीट चालू असताना स्लॅबवर आळी करून पाणी कोण भरणार? पुरेशी ओल न मिळालेल्या स्लॅबला भेगा पडतात आणि आषाढात तो गळतो. म्हणून दिवाळीनंतर काम काढून होळीआधी स्लॅब उरकावा. त्याला दहा फुटांमागे सव्वा इंच उतार द्यावा.

डोंगराळ भागात पंतप्रधान आवास योजनेतून १ लाख ३० हजार रुपये ठरले होते. एवढ्यात ओढाताण होत असेल, तर विटांच्या भिंतींवर मंगळुरी कौलांचं उतरतं छप्पर काय वाईट? वळचण दोन फूट पुढे काढली की भिंती भिजत नाहीत. जोतं मात्र दीड-दोन फूट उंच हवं आणि पाया काळ्या मातीत न थांबता मुरमापर्यंत जायला हवा. कुडातल्या कारवीच्या काठ्या कुजतात त्या मुख्यतः जमिनीलगतच्या ओलीने. तीच ओल विटांच्या भिंतीतही चढते.

घरकुलाचा आराखडा ठरवताना अभियंत्यांनी या गोष्टी लाभार्थ्याला जागेवरच दाखवाव्यात.

– एक वाचक, सुरगाणा