चाळिशीनंतरचे ताट

घरातील प्रत्येकाचे पथ्यपाणी सांभाळणारी गृहिणी स्वतःच्या ताटाकडे मात्र सर्वांत शेवटी पाहते. पतीचा मधुमेह, सासऱ्यांचा रक्तदाब, मुलांचे डबे या साऱ्यांचे तिला भान असते. पंचेचाळिशीच्या आसपास तिचे स्वतःचे वजन वाढू लागले, की 'आता वय झाले' असे म्हणून विषय मिटविला जातो. क्वचित त्याची थट्टाही होते. परंतु हा विषय इतक्या सहजी मिटविण्याजोगा नाही.

भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. पाश्चात्त्य देशांत ती ५१ च्या सुमारास येते. या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. वयोमानाने स्नायूही कमी होतात, त्यामुळे शरीराची ऊर्जेची गरज उतरते. पस्तिशीत जे ताट पुरेसे होते, तेच पन्नाशीत अधिक ठरते. पोटाभोवतीची ही चरबी मधुमेह व हृदयविकाराला निमंत्रण देणारी असते. म्हणूनच भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे वैद्यकशास्त्र सांगते.

यावर आपल्याकडील पहिला उपाय म्हणजे आणखी एक उपवास धरणे. प्रत्यक्षात त्या दिवशी पानात येते ती साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर साजूक तूप. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो ज्या कंदापासून होतो तो कंद, तसेच बटाटा आणि शेंगदाणा, ही सारी मूळची दक्षिण अमेरिकेतील पिके. तेव्हा हे पदार्थ म्हणजेच परंपरा, असे मानण्याचे कारण नाही. उपवासाचा मूळ अर्थ ईश्वराच्या समीप राहणे असा आहे. मिताहार हे त्याचे साधन. फळे, ताक आणि थोडी वरी एवढ्यावर तो उत्तम पार पडतो.

केवळ कमी खाणे हेही उत्तर नव्हे, कारण उपासमारीने स्नायू आणखी झिजतात. बदलायला हवी ती ताटाची मांडणी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ५० ग्रॅम. चहा-पोहे, पोळी-भाजी आणि पातळ आमटी-भात यांतून ती भरून निघणे कठीण. मोड आलेली मटकी, घट्ट वरण, पिठले, दही, आणि ज्या घरी चालते तेथे अंडी वा मासे यांनी ही उणीव भरते. भात निम्मा करून पालेभाजी व कोशिंबीर दुप्पट करावी. ज्वारी-नाचणीची भाकरी पुन्हा पानात यावी; हाडे ठिसूळ होण्याच्या या वयात नाचणीतील कॅल्शियम मोलाचे आहे. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेतला, तर तीस-चाळीस ग्रॅम साखर नकळत पोटात जाते, याचाही हिशेब ठेवावा. जोडीला चालणे आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवाच.

आणखी एक सवय मोडायला हवी. अन्न टाकू नये, हा संस्कार थोरच. पण त्यापायी पातेल्यात उरलेला भात आणि मुलांच्या ताटातील अर्धी पोळी नेमकी गृहिणीच्याच वाट्याला येते. अन्नाचा अपव्यय टाळण्याचा मार्ग मोजून शिजविणे हा आहे. घरातील माउलीचे पोट ही उरलेल्या अन्नाची कोठी नव्हे.

तिच्यासाठी वेगळे पातेले चढविण्याचा बेत मात्र आठ दिवसांत बारगळेल, कारण ते चढविणारीही तीच असते. कमी तेल, कमी साखर, भरपूर डाळी-भाज्या हा आहार पती व मुलांनाही तितकाच हितकर आहे. म्हणून स्वयंपाकच सर्वांसाठी बदलावा, आणि सर्वांनी एकत्र बसून जेवावे. जिने पंचवीस वर्षे सर्वांची आवड जपली, तिच्या प्रकृतीसाठी कुटुंबाने आपली जीभ थोडी आवरणे, हे तिच्यावरचे उपकार नव्हेत. ते कर्तव्य आहे.