किळसही मराठीतच यावी

भोपाळच्या हबीबगंज स्थानकाला २०२१ पासून राणी कमलापतींचे नाव आहे; तरी नागपूरकडून येणारी आपली जुनी मंडळी अजून ‘हबीबगंजला उतरतो’ असेच म्हणतात. तेथील फलाटावर अशाच एका कुटुंबाचा डबा उघडताना पाहिला. उन्हाने भाजी उतरली होती. आजी म्हणाल्या, ‘आंबूस वास येतोय, टाकून दे.’ नातवाने नाक धरले, ‘यक्! डिस्गस्टिंग!’ आईने दटावले तेही ‘छी, ऐसे नहीं बोलते’ असे. तीन पिढ्या, एक डबा आणि मराठी एकट्या आजींकडे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचे राजधानीपद गेले, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि सरकारी नोकरीबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे तिकडे गेली. त्यांनी गणेशोत्सव जपला, पुरणपोळी जपली. त्याचे ऋण मान्यच आहे. परंतु सीमेपलीकडचे आपण सारेच एक ढोंग करीत आलो आहोत. भाषा म्हणजे आरती, अभंग आणि मंगलाष्टके! शिसारी, उबग, तिटकारा हे शब्द कोणत्या संस्कारवर्गात शिकवले जातात?

इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश भाषकांना किळस कशी व्यक्त करावी याचे स्वतंत्र धडे असतात, आणि ते योग्यच आहे. ‘मे दा आस्को’ म्हणजे ती वस्तू ‘मला किळस देते’. मराठीतही किळस आपण करीत नाही, ती आपल्याला येते. इंग्रजीत एकतर ‘मी’ पुढे येऊन बसतो, नाहीतर वस्तूवर विशेषणाचा शिक्का पडतो. स्पॅनिश माणूस ही उलथापालथ जाणून करतो. आपल्या मुलांना ती नकळत अंगवळणी पडते, कारण मूळ वाक्यच त्यांना कोणी दिलेले नाही.

आणि काय काय देता आले असते! पाहताक्षणी येते ती किळस. अंगावर काटा आणते ती शिसारी. अतिपरिचयाने येतो तो वीट. (विठोबा उभा आहे ती वीट स्त्रीलिंगी, हा पुल्लिंगी, हिंदी शेजाऱ्याला हे समजावून पाहावे.) वासांचे तर दालनच वेगळे: तेल खवट, पीठ कुबट, भाजी आंबूस. ‘यक्’ या साऱ्यांवर एकच बोळा फिरवतो. शिवाय हे शब्द स्वयंपाकघरात थांबत नाहीत. स्वभाव खवट असतो, बोलणे कुजकट, विचार बुरसटलेले. ज्याच्याजवळ हे शब्द नाहीत, तो अन्यायालाही ‘यक्’ म्हणून पुढे जाईल.

कोणी म्हणेल, याच भाषेने ‘विटाळ’ हा शब्द माणसांवर लादला. खरे आहे, आणि ते लपवू नये. म्हणून तर गाडगेबाबा आठवावेत. हातात खराटा घेऊन ते गावची घाण झाडीत. त्यांचा तिटकारा होता तो अस्पृश्यतेचा आणि कर्ज काढून केलेल्या सणांचा. किळस कशाची यावी हा प्रश्न त्यांनी वऱ्हाडी बोलीत, कीर्तनात उभे राहून विचारला.

पुढील मराठी वर्गात मुलांच्या हातावर एकेक खवट शेंगदाणा ठेवावा. ती तोंड वाकडे करतील. शब्द तेव्हाच सांगावा.