स्वस्त घराची किंमत

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून मुंबईस जाणे ही काही नवी गोष्ट नव्हे. पूर्वी तरुण मुलगे नोकरीसाठी जात. पुढे नवराबायको मिळून बिऱ्हाड करू लागली. आता दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या वाड्यांतून मुलाचा हात धरून एकटी आई, क्वचित एकटा बाप, मुंबईस निघालेला दिसतो. कोणी विधवा असते, कोणी विधुर, कोणी घटस्फोटित, तर कोणी कोर्टाची पायरी न चढता वेगळी राहणारी. घरात चर्चा सुरू होते, आणि ती बहुधा एकाच मुद्द्यावर येऊन थांबते: येथे हक्काचे छप्पर असताना तेथे जाऊन भाडे कशाला भरावयाचे?

प्रश्न खोटा नाही. पण तो अपुरा आहे. जाण्याची कारणे भाड्याच्या पलीकडची असतात. पहिले कारण कामाचे. काही धंद्यांत आणि हुद्द्यांत मुंबईत जी वाट मोकळी असते, ती येथे नसते; आणि एका मिळकतीवर घर चालवायचे तर ती मिळकत वाढावीच लागते. दुसरे कारण आपण उघड बोलत नाही. मुंबईच्या जिन्यावर भेटणारा शेजारी ‘जावईबापू कधी येणार?’ असे विचारीत नाही. बडोदे संस्थानाने हिंदू घटस्फोटाचा कायदा १९३१ साली केला. साऱ्या देशाला हिंदू विवाह कायदा मिळाला तो १९५५ साली. ज्या गावाने कायद्यात देशाच्या चोवीस वर्षे आधी पाऊल टाकले, त्या गावातील ओटीवर हा प्रश्न अजून विचारला जातो, हे मान्य केलेले बरे. तेव्हा जाणे हा अविचार आहे, असे गृहीत धरून बोलण्यात अर्थ नाही. विचार करावयाचा तो एवढाच, की गेल्यावर हिशेब कोठे चुकतो.

घरभाडे जास्त आहे हे सर्वांना ठाऊक असते. अनामत, दलालाची दलाली, अकरा महिन्यांचा करार व दर नव्या कराराला वाढलेले भाडे, याचीही कल्पना असते. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे असा करार लेखी करून नोंदविणे आवश्यक आहे व ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीस टाळाटाळ करणाऱ्याचे घर एकट्या बाईने घेऊ नये. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असे केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यात म्हटले आहे. परंतु नमुना हा नमुनाच, राज्याने स्वीकारला तरच तो चालतो. हे सारे खर्च मोठे असले तरी दिसणारे आहेत. जो दिसत नाही, त्यानेच संसार मोडकळीस येतो.

मुंबईत भाडे उतरते ते अंतराने. गाडीचा मार्ग जसजसा उत्तरेकडे जाईल, तसतसे घर स्वस्त होत जाते. चर्चगेटहून विरार सुमारे ६० किलोमीटर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कल्याण सुमारे ५४. विरारहून चर्चगेटास जलद गाडीनेही सव्वा तास तरी लागतो. शिवाय घरापासून स्टेशन आणि स्टेशनापासून कचेरी. म्हणजे स्वस्त घर घेणारा माणूस भाड्याचा काही भाग पैशांऐवजी वेळाने चुकता करीत असतो. नवराबायकोच्या संसारात हे जमून जाते. एक लवकर निघतो, दुसरा उशिरा. एक मुलास शाळेत पोचवितो, दुसरा आणतो. त्या घरात वेळ ही खर्च करण्यासारखी शिल्लक असते. एकट्या पालकाजवळ तीच शिल्लक नसते. म्हणून जे घर दोघांना स्वस्त पडते, तेच एकट्याला सर्वांत महाग पडते. या लेखात सांगावयाचे ते एवढेच, आणि ते आकड्यांनी पडताळून पाहता येते.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. नोकरीची सर्वसाधारण मर्यादा आठवड्याला ४८ तासांची. वर्षाचे ५० आठवडे धरले, तर ३०० दिवस आणि २४०० तास होतात. त्यात रोजचा तीन तासांचा प्रवास मिळविला की आणखी ९०० तास. म्हणजे आई वर्षातून ३३०० तास घराबाहेर असते आणि लहान मूल शाळेत असते ८०० तास. उरलेले २५०० तास मूल कोणाजवळ असावयाचे? कित्येक शाळा याहून अधिक भरतात, कित्येक कचेऱ्या पाच दिवसांच्या असतात, हे खरे. तरीही दोन आकड्यांमधली दरी बुजत नाही. यांत एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. नुसत्या गाडीत जाणारे आईचे ९०० तास मुलाच्या वर्षभराच्या शाळेहून अधिक भरतात. हाच प्रवास दिवसाला एका तासावर आणता आला, तर वर्षाचे ६०० तास वाचतात. जवळच्या घराचे जादा भाडे म्हणजे या ६०० तासांची किंमत होय. ते भाडे चैनीच्या सदरात टाकणे हीच हिशेबातील चूक.

कायद्याने येथे काहीच केले नाही असे नाही. ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे, ही तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने आली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. पण हे पाळणाघर सहा वर्षांखालील मुलांसाठी. सरकारच्या ‘पालना’ योजनेतील पाळणाघरेही सहा वर्षांपर्यंतच. सहा पूर्ण झाली की मूल शाळेचे होते. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला आईच्या कामाची वेळ संपेपर्यंत बसावयास जागा असते. सहाव्या वाढदिवसानंतर त्याच मुलाला चार तासांची शाळा मिळते आणि दुपार मोकळी राहते. सहा ते बारा या वयाचा विचार कोणी केलेलाच नाही. जणू दुपारी घरी कोणीतरी असणारच, असे सर्वांनी धरून चालले आहे. केंद्र सरकारी नोकरीत २०१८ पासून एकट्या पुरुष पालकासही बालसंगोपनाची रजा मिळू लागली, साऱ्या नोकरीत मिळून ७३० दिवसांपर्यंत. खाजगी नोकरीतील बापास तसा आधार कायद्याने दिलेला नाही.

या ठिकाणी कोणी म्हणेल, पूर्वीच्या बायकांनी नाही का एकटीने मुले वाढविली? वाढविली; आणि गाणाऱ्यांच्या जगात तर याची मोठी उदाहरणे आहेत. परंतु ती कशी वाढविली, हे नीट पाहावे. ताराबाई माने या बडोद्याच्याच. अब्दुल करीम खाँसाहेबांबरोबर त्यांनी बडोदे सोडले आणि १९२२ च्या सुमारास पाच मुलांसह त्या त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली; पुढे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे ही नावे महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. मात्र त्या वेळी सुरेशबाबू विशीत आले होते आणि हिराबाई सतरा वर्षांच्या होत्या. म्हणजे घरात कर्ते हात होते; धाकट्यांकडे पाहणारी थोरली भावंडे होती. गोव्याच्या कुर्डीतून आलेल्या मोगूबाई कुर्डीकर मुंबईत स्थिरावल्या. पती माधवदास भाटिया यांच्या निधनानंतर किशोरी आणि तिच्या दोन भावंडांना त्यांनी गाण्यावर वाढविले. हाल थोडे झाले नाहीत. पण त्यांचा रियाज घरात होता, शिकवणी घरात होती. बैठकींचे दौरे सोडले, तर काम आणि मूल एकाच छपराखाली होते. या दोन्ही माउल्यांच्या धैर्याला मुजरा करावा. पण त्यांचा दाखला देऊन आजच्या कचेरीत जाणाऱ्या मुलीस गप्प बसवू नये. एकीजवळ दुसरे हात होते, दुसरीचे काम घराच्या उंबरठ्याआड होते. आजच्या मुलीजवळ या दोहोंपैकी काही नाही.

मुंबईत एके काळी तिसरा एक आधार होता, तो म्हणजे चाळीचा सज्जा. सार्वजनिक गॅलरीत खेळणाऱ्या मुलावर दहा दारांतून नजर असे. कोणाच्या तरी ताटात तो जेवून घेई. चाळीतील गैरसोयी मोठ्या होत्या, आणि त्या कोणावर लादाव्यात असे कोणी म्हणणार नाही. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ती ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. हे चांगलेच झाले. तथापि सज्जा जाऊन बंद दार आले की, जी देखरेख फुकट होती ती विकत घ्यावी लागते, हा हिशेब नव्या घरांच्या नकाशात कोठेही मांडलेला नसतो.

ती देखरेख आज कोण विकतो? गाणे शिकविणाऱ्या माणसास याचे उत्तर ठाऊक असते. मुले वर्गास येतात त्यांपैकी काही गाण्यासाठी येतात आणि काही केवळ घरी कोणी नसते म्हणून. गाणे, चित्रकला, कराटे, गणिताची शिकवणी, असे एकामागून एक वर्ग लावून दुपारची संध्याकाळ केली जाते. मुंबईत हे अधिक. आईला दोष देण्याचे कारण नाही. तिला मूल सुरक्षित जागी हवे असते. पण कंटाळलेल्या मुलाच्या गळ्यातून ‘सा’ नीट लागत नाही, हे रोज ऐकू येते. जे काम शहराने करावयाचे ते शिकवणीचे वर्ग करीत आहेत, आणि त्याचे पैसे एकटी आई भरीत आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र पूर्वीपेक्षा वाट सोपी झाली आहे. वडील प्रत्यक्षात मुलाकडे पाहत नसतील तर त्यांच्या हयातीतही आई पालक म्हणून काम पाहू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली सांगितले. एकाच पालकाचे नाव देऊन पारपत्र मिळण्याची सोय डिसेंबर २०१६ पासून आहे. शाळा बदलताना मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा आणि तो यावयास उशीर झाला म्हणून नव्या सरकारी अथवा अनुदानित शाळेने प्रवेश अडवू नये, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. मात्र न्यायालयाने नेमलेल्या पालकास मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. ताब्याचा हुकूम असेल तर त्यातील अटी वकिलाकडून वाचून घेऊनच सामान बांधावे. आपल्या मुलांपुरती आणखी एक गोष्ट. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सर्व मंडळांच्या शाळांतून मराठी सक्तीची झाली आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण पुष्कळांचे वाचन गुजराती किंवा इंग्रजीत झालेले असते. जाण्यापूर्वी सहा महिने त्यांना मराठी वाचावयास व लिहावयास बसविले, तर नव्या वर्गातला एक अपमान तरी टळेल.

मग करावे काय? जाणाऱ्याने आधी घर शोधू नये. कामाच्या वाटेवर शाळा शोधावी आणि शाळेपासून चालत जाता येईल असे घर घ्यावे, मग ते एका खोलीचे का असेना. लांबच्या दोन खोल्यांपेक्षा जवळची एक खोली एकट्या पालकास स्वस्त पडते. तेवढेही भाडे पेलत नसेल, तर ती नोकरी मुंबईची असली तरी पुरेशी नाही, असे स्वतःशी स्पष्ट म्हणावे. नोकरदार स्त्रियांसाठी असलेल्या सरकारी ‘सखी निवास’ वसतिगृहांत आईबरोबर मुलीस अठरा वर्षांपर्यंत आणि लहान मुलासही ठेवता येते. पहिल्या वर्षापुरती ही सोय मिळते का, ते जरूर पाहावे.

शहराने करावयाचे कामही फार खर्चाचे नाही. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी-गुजरातीसह अनेक माध्यमांतून चालतात. इमारती आहेत, पटांगणे आहेत. वर्ग सुटल्यानंतर त्याच इमारतीत सहा ते बारा वर्षांच्या मुलांना संध्याकाळपर्यंत बसता, खेळता, गाता येईल अशी व्यवस्था केली, तर हजारो घरांचे तास वाचतील. मते मागावयास येणाऱ्यांना रस्त्यांबरोबर या दुपारीबद्दलही विचारले पाहिजे.

आणि मागे राहणाऱ्या घरांनी? ‘जाऊ नकोस’ म्हणणे सोपे असते आणि ‘बघ बाई तुझे तू’ म्हणणे त्याहून सोपे. बडोदे-मुंबई अंतर सुमारे ३९० किलोमीटरचे; सकाळच्या गाडीने निघालेला माणूस दुपारी पोचतो. आजी, आत्या, निवृत्त काका यांनी पाळी लावून पहिले वर्ष त्या एका खोलीत काढले, तर मुलीच्या हातावर ठेवलेल्या कोणत्याही रकमेपेक्षा ती मदत मोठी ठरेल. दर महिन्यास पैसे पाठविणारी घरे आपल्याकडे आहेत. महिनाभर स्वतः जाऊन राहणारी फार थोडी. एकट्या पालकास मुंबईत पैशाची चणचण असतेच. पण संध्याकाळी सहा वाजता मूल शाळेच्या दारात उभे असते आणि गाडी दादरला अडकलेली असते, तेव्हा खिशातली नोट तेथवर चालत जाऊ शकत नाही. तेथे माणूसच लागते.