शपथेवरचे असत्य

वाचकहो, न्यायालयात खोटी साक्ष देणे हा अपराध आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु ती साक्ष एखाद्या अधिकाऱ्याने अथवा मंत्र्याने दिली तर? कायदा त्यात भेद करीत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ प्रमाणे, न्यायालयीन कामकाजात हेतुपुरस्सर खोटा पुरावा देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शपथपत्रातील खोटे विधानही त्यात येते.

केरळातील एक प्रकरण या संदर्भात स्मरणात ठेवण्याजोगे आहे. कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजन या विद्यार्थ्यास आणीबाणीत, १ मार्च १९७६ रोजी, पोलिसांनी धरून नेले. हिंदीचे प्राध्यापक असलेले त्याचे वडील ईच्चर वारियर वर्षभर अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिले. आणीबाणी उठताच त्यांनी मुलाला आपल्यापुढे हजर करवावे, असा अर्ज उच्च न्यायालयात केला. उत्तरादाखल शपथपत्रे आली, ती अशी की राजनला अटक झालीच नव्हती! ती करणाऱ्यांत पोलीस अधिकारी होते, तसेच अटकेच्या वेळी गृहमंत्री असलेले आणि नुकतेच मुख्यमंत्री झालेले के. करुणाकरन हेही होते. १३ एप्रिल १९७७ रोजी न्यायालयाने या नकारावर विश्वास ठेवण्याचे नाकारले. २५ एप्रिलला करुणाकरन यांनी राजीनामा दिला. मुलगा कोठडीतच मरण पावला होता, हे पुढे सरकारलाच मान्य करावे लागले. त्याचा देह वडिलांना कधीच मिळाला नाही.

करुणाकरन यांना खोट्या शपथेबद्दल शिक्षा झाली नाही. १९८१ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. अशा खटल्यांतील खरी अडचण निराळीच असते. विधान खोटे ठरले एवढ्याने भागत नाही. करणाऱ्यास ते खोटे ठाऊक होते, किंवा ते खरे आहे असे त्याला वाटत नव्हते, हे सिद्ध व्हावे लागते. हाताखालच्यांच्या अहवालावर विसंबून सही केली, असे म्हणणाऱ्या वरिष्ठाच्या मनात कोण शिरणार?

आपल्यावर असा प्रसंग आला, तर थेट फौजदारी फिर्याद करता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली त्याच न्यायालयाकडे अर्ज करावा; न्यायहितासाठी आवश्यक वाटल्यास न्यायालय स्वतःच तक्रार दाखल करते. अर्जासोबत शपथपत्राची प्रमाणित नक्कल आणि ते खोटे ठरविणारा कागद जोडण्यास विसरू नये.